नाना पेठ... ब्रेक के बाद!

पुस्तकं हवीत? अप्पा बळवंत चौक. लग्नाचा बस्ता बांधायचाय? लक्ष्मी रोड. रांगोळीचे रंग, पितळी समई आणि केसांच्या क्लिपा एकाच फेरीत हव्यात? अर्थात तुळशीबाग! पुण्यात नोकरीला आलेल्या कुणालाही महिन्याभरात हा नकाशा पाठ होतो. पण समजा, आजोबांची बुलेट गावाहून टेम्पोत घालून आणलीय आणि तिच्या मागच्या ब्रेकची एक एवढीशी स्प्रिंग तुटलीय. मग? चकाचक शोरूममधला एक्झिक्युटिव्ह तुमच्याकडे सहानुभूतीने बघेल, पाणी विचारेल आणि विषय बदलेल. खरा पत्ता टपरीवर चहा पिणारा कुणीही सांगेल... ‘नाना पेठेत बघा ना!’

सध्या जुन्या गाड्यांचा सीझन आहे, बॉस! बुलेट, जावा, येझदी, राजदूत, आरएक्स 100. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलबाहेर रांग लावून उभ्या असतात. क्रोम असं चमकतं, की त्यात बघून भांग पाडावा. मालकाला विचारा, पेंट कुठे केला? तो सविस्तर सांगेल. सीट कुणी शिवली? तेही सांगेल. आणि ब्रेक? ‘आहेत ना!’

या ‘आहेत ना’मध्येच सगळी गोम आहे. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे घाबरून ब्रेक करकचून दाबलात, तरी चाक लॉक होऊ न देण्याची काळजी गाडी घेते. जुन्या गाडीत असं कुणी नाही. लोखंडी डबा, त्यात चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू, दोन स्प्रिंगा आणि एक कॅम. बस्स! गाडी साठच्या स्पीडला, मागे मैत्रीण, समोर अचानक वळलेली रिक्षा आणि मधे फक्त हा डबा. त्यामुळे आजची आपली सफर त्या डब्याच्या आत आणि त्याआधी नाना पेठेत.

पेठेत शिरताना

अलका टॉकीजपाशी सुरू होणारा लक्ष्मी रोड आपण साड्यांपर्यंत चालतो, फार तर सोन्या मारुतीपाशी सोन्यापर्यंत. त्याच्या पुढे चालत राहिलं, डुल्या मारुती मागे टाकला, की रस्त्याचा वासच बदलतो. अत्तराच्या जागी ग्रीस, कापडाच्या जागी रबर. ही नाना फडणवीसांच्या नावाची पेठ. पलीकडे क्वार्टर गेटला 1792 सालचं सिटी चर्च, ज्याला जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी. आणि या सगळ्या इतिहासाच्या मधोमध टायर, ट्यूब, सायलेन्सर, मडगार्ड, हेडलाइटच्या काचा आणि छताला द्राक्षांसारखे लटकलेले केबलचे घड.

इथे गाडी घेऊन येण्याचा मोह टाळा. पार्किंग शोधण्यातच अर्धा दिवस जाईल. चालत या. खांद्यावर सॅक, सॅकमध्ये जुना पार्ट. भाषा? मराठी आणि हिंदी, बहुतेकदा एकाच वाक्यात. आणि हो, पुस्तकात ज्याला ‘ब्रेक शू’ म्हणतात त्याला काउंटरवर ‘लायनर’ म्हणायचं. शूवर चिकटवलेल्या किंवा रिबिट मारलेल्या पट्टीलाही लायनरच म्हणतात. गोंधळू नका, दुकानदार गोंधळत नाही. (आपण मात्र इथे सोयीसाठी धातूच्या भागाला शू आणि त्यावरच्या लायनिंगला पट्टी म्हणू.)

नाना पेठेचं महत्त्व कळायला थोडी सनावळी बघा. जावा-येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. यामाहाची आरएक्स 100 सुद्धा त्याच साली थांबली. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी हे नाव परत आलं, पण त्या पूर्ण नव्या गाड्या. त्यांच्या काउंटरवर 1980 च्या येझदीचं काही मागणं म्हणजे नातवाच्या बुटात आजोबांचा पाय घालणं. बुलेटचं नशीब जरा बरं. 1955 मध्ये मद्रासला सुरू झालेली ही गाडी इतकी वर्षं फारशी न बदलता बनत राहिली, की जुन्या गाडीला लागणारे बरेच पार्ट आजही मिळतात. पण ‘मिळतात’ आणि ‘बसतात’ यात फरक आहे. तोच तर मुद्दा!

सॅम्पल दाखवा!

कुठल्याही काउंटरवर पहिला प्रश्न हाच. ‘बुलेटचे मागचे लायनर द्या’ एवढ्यावर भागत नाही. कुठल्या सालची? पुढचा ड्रम केवढा? एक कॅम की दोन? जुन्या स्टँडर्ड बुलेटचा मागचा ड्रम 6 इंची, आणि नंतरच्या गाड्यांना पुढे 7 इंची. पण चाळीस वर्षांत गाडीचे चार मालक झालेले असतात आणि प्रत्येकाने आपल्या सोयीने काहीतरी बदललेलं असतं. म्हणून आरसी बुकावरचं साल सांगू नका, जुना शू काढून काउंटरवर ठेवा. दुकानदार तो हातात घेईल, नवा त्याला पाठीला पाठ लावून धरेल आणि बोट फिरवेल. कॅम जिथे टेकतो ती टोकाची सपाट बाजू, दुसऱ्या टोकाची पिनची खाच, स्प्रिंगची भोकं. तिन्ही जुळले तर ठीक, नाहीतर डबा परत रॅकवर.

हे तुम्हीही करा. स्वस्त शूची पट्टी बऱ्याचदा बोटाने टोकावर ढकलली तरी किंचित उचलते, म्हणजे चिकटवण नीट नाही. अशी पट्टी ड्रममध्ये निसटली तर ड्रम आणि शूच्या मधे अडकून चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं. पन्नास-शंभर रुपये वाचवायची ही जागा नव्हे. तेवढ्याचे आपण वीकेंडला पॉपकॉर्न खातो!

डब्यात काय चालतं?

थोडं फिजिक्स, पण दहावीच्या पलीकडचं नाही. ब्रेक दाबला की कॅम फिरतो, दोन शू फाकतात आणि फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतात. आता गंमत बघा. फिरणारा ड्रम एका शूला स्वतःकडे ओढून घेतो. तो आणखी घट्ट बसतो, तुम्ही जोर न वाढवता. हा ‘लीडिंग’ शू. दुसऱ्याला ड्रम उलट ढकलून देतो. तो ‘ट्रेलिंग’. म्हणजे दोघांतला एक मन लावून काम करतो, दुसरा हजेरी लावतो. (तुमच्या ऑफिसातली कुठली जोडी आठवली, ते मनातच ठेवा.)

यावर उपाय म्हणून पुढच्या चाकाला दोन कॅम देऊन दोन्ही शू ‘लीडिंग’ केले, तो ट्विन लीडिंग ब्रेक. स्टँडर्ड बुलेटच्या 7 इंची पुढच्या ड्रममध्ये अनेक वर्षं हाच होता. पुढे जाताना झकास. पण फ्लायओव्हरच्या चढावर सिग्नलला थांबलात आणि गाडी मागे सरकायला लागली, की चाक उलटं फिरतं आणि दोन्ही शू एकदम ‘ट्रेलिंग’ होतात. पुढचा ब्रेक धरलाय तरी गाडी मागे का जाते, हे कोडं इथे सुटतं. अशा वेळी मागचा ब्रेकही धरा.

आणि मागच्या ब्रेकवरून आठवलं. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला! आयुष्यभर बाकीच्या गाड्या चालवलेला माणूस घाबरला की उजवा पाय दाबतो. या गाडीत तो गिअरवर पडतो. ब्रेक कितीही भारी बसवलात, तरी पाय चुकीच्या बाजूला गेला तर काय उपयोग? म्हणून पहिले काही दिवस मोकळं मैदान गाठा आणि फक्त थांबण्याची प्रॅक्टिस करा. हसतील लोक, हसू देत.

लेथच्या दारात

नवे शू आणले, जुने काढले, नवे टाकले, झालं काम? इथेच बहुतेकांची गाडी अडते. दहा हजार रुपयांचा पेंट मारलेली गाडी ‘नवे लायनर टाकूनही ब्रेक लागत नाही’ म्हणून रडत असते आणि दोष दुकानदाराला मिळतो.

कारण सोपं आहे. वर्षानुवर्षं घासून तुमचा ड्रम आतून मोठा झालेला असतो. त्यात चरे पडलेले असतात, कडेला गंजाची धार आलेली असते. लेथवर टर्निंग करून तो गुळगुळीत केला, की अजून थोडा मोठा होतो. आणि नवा शू मात्र मूळ मापाचा. छोट्या वर्तुळाचा शू मोठ्या वर्तुळात बसवला तर तो फक्त मधोमध टेकतो. दोन्ही टोकं हवेत. निम्मी पट्टी काम न करता नुसती सोबत फिरायला येते!

म्हणून जुने जाणकार मिस्त्री उलटा हिशोब करतात. आधी ड्रम टर्न करायचा. मग शूवर जाड पट्टी लावून घ्यायची. आणि मग शू प्लेटवर बसवून, ती पट्टीच लेथवर ड्रमच्या मापाला घासायची. आता शू या ड्रमचा झाला, दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही. पेठेत पार्ट विकत मिळतो. ब्रेक तुमच्या गाडीवर तयार करावा लागतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत, तरी पेठेची फेरी वसूल.

क्रमसुद्धा महत्त्वाचा. हौसेने आपण रिम नवी टाकतो, स्पोक नवे टाकतो. पुढच्या चाकात ड्रम हबलाच जोडलेला असतो आणि स्पोक ताणले की तो ताण ड्रमवर येतो. गोल ड्रम किंचित अंडाकृती होतो. डोळ्याला दिसत नाही, पण ब्रेक धरला की लिव्हर बोटांखाली धडधडतो. म्हणून आधी स्पोक बांधायचे, चाकाचा आउट काढायचा आणि मगच ड्रम लेथवर चढवायचा. बरेच जण उलट करतात आणि टर्निंगचे पैसे दोनदा देतात.

बुलेटच्या मागच्या चाकाची तऱ्हा वेगळी. तिथे ड्रम सुटा असतो आणि चेनचं मोठं चक्र त्या ड्रमच्याच अंगावर कापलेलं असतं! म्हणजे चक्राचे दात झिजले तरी बदलायचा ड्रमच. बिल बघून डोळे पांढरे होतात, पण जरा विचार करा. चेन बदलायची वेळ आली, की ब्रेकलाही नवा ड्रम आपोआप मिळतो. टू इन वन!

हवा मारू नका, प्लीज!

आता थोडं सीरियस. कुठल्याही गॅरेजमध्ये हे दृश्य दिसतं. चाक उघडलं, ड्रममध्ये काळी धूळ आणि एक पोऱ्या कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन ‘फुस्स’ करून ती उडवतो. ढग उठतो. तो खोकतो, हसतो, पुढच्या गाडीकडे जातो.

जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांमध्ये अॅस्बेस्टॉस सर्रास वापरलं जायचं, कारण ते उष्णता सहन करतं. अॅस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने कधीच स्पष्ट केलंय. युरोपीय संघाने 2005 मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे वापरावर सरसकट बंदी आजही नाही. तंतू इतके बारीक, की दिसत नाहीत आणि फुप्फुसात गेले की राहतात. आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. तोवर तो पोऱ्या मिस्त्री झालेला असतो.

उपाय फुकट आहे. ओलं फडकं. ड्रम आणि प्लेट ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं, तोंडाला चांगला मास्क. कोरड्या पट्टीवर पॉलिश पेपर घासायचा नाही. आणि आपली गाडी गॅरेजमध्ये उघडली जात असेल, तर एवढंच म्हणायचं, ‘दादा, हवा नका मारू, ओल्या फडक्यानं पुसा.’ तुमच्या छंदाची किंमत पंधरा वर्षांच्या मुलाने का मोजायची?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये

शू तयार, ड्रम तयार. रविवार सकाळ. गाडी डबल स्टँडवर, खाली जुना पेपर. वॉचमनकाका स्टूल घेऊन येतील, ते येऊ द्यात. दोन हात जास्तीचे लागतातच.

पहिली कसोटी स्प्रिंगांची. एक शू बसवून दुसरा स्क्रू ड्रायव्हरने ताणत बसलात, तर स्प्रिंग उडून थेट शेजारच्यांच्या कारखाली. त्यापेक्षा हे करा. दोन्ही शू हातात घ्या, दोन्ही स्प्रिंगा आधीच अडकवा आणि जोडी अर्ध्या उघडलेल्या पुस्तकासारखी ‘व्ही’ आकारात धरा. एक टोक पिनवर, दुसरं कॅमवर टेकवा आणि दोन्ही तळव्यांनी पुस्तक खाली दाबून सपाट करा. टक्! बसलं. त्या ‘टक्’चा आनंद अप्रेझलच्या मेलपेक्षा कमी नाही.

त्याआधी कॅमला आणि पिनला उष्णता सोसणारं ग्रीस. किती? नखावर मावेल एवढंच. जास्त झालेलं ग्रीस गरम होऊन पट्टीवर उतरतं, आणि ग्रीस प्यायलेली पट्टी म्हणजे गेलेली पट्टी. शूची पुढची धार कानशीने किंचित मोडून घ्या, नाहीतर ब्रेक किंचाळतो.

मग चाक जागेवर. इथे एक गोष्ट जीवावरची आहे. ब्रेक प्लेटला फिरू न देणारा अडका. पुढे बुलेटमध्ये तो फोर्कच्या नळीला अडकतो. तो नीट बसला नाही, तर ब्रेक दाबल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते आणि पुढे काय होतं हे सांगायला नको. हाताने हलवून बघा. दोनदा बघा.

एक्सलचा नट लगेच आवळू नका. चाक फिरवा, ब्रेक जोरात दाबा आणि दाबलेला असतानाच नट आवळा. वॉचमनकाकांची गरज ती इथे! यामुळे प्लेट आपोआप ड्रमच्या मध्यावर येते आणि दोन्ही शू सारखे टेकतात. दोन मिनिटांचं काम, पण फरक लगेच बोटांना कळतो. शेवटी केबलचा ताण असा ठेवा, की ब्रेक पूर्ण दाबल्यावर केबल आणि कॅमची दांडी यांच्यात जवळपास काटकोन होईल. तिथेच जोर सर्वांत जास्त मिळतो. मागे पेडलला थोडा खेळ हवा, चाक मोकळं फिरायला हवं. आणि चेन टाइट केली, की मागचं चाक सरकतं आणि ब्रेकही आपोआप टाइट होतो. त्यामुळे दरवेळी रॉडचा नट बघायचाच.

आणि मग दिवे घाट

नव्या ब्रेकला लगेच घाट दाखवू नका. पहिले शंभरएक किलोमीटर साधा रस्ता, हलके ब्रेक. पट्टी आणि ड्रम एकमेकांना समजून घेतात. त्यानंतर एकदा चाक उघडून बघा. पट्टी टोकापासून टोकापर्यंत चमकत असेल, तर तुमच्या टर्नरला पार्टी द्या.

मग पहाटे हडपसर ओलांडून सासवडच्या रस्त्याला लागा. दिवे घाट, जिथून ज्ञानोबांची पालखी वर चढते. चढताना बुलेटचा ठेका ऐका, वर थांबा, खाली मस्तानी तलाव बघा, फोटो काढा. खरी परीक्षा उतरताना. ड्रम गरम झाला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून लांब जातो. लिव्हर जास्त ओढावा लागतो आणि जोर कमी मिळतो. डिस्कच्या सवयीच्या माणसाला इथे घाम फुटतो. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याच आसपास उतरा. काम इंजिनाला करू द्या, ब्रेक मधूनमधून, थोडा थोडा. टू-स्ट्रोक जावा-येझदीवाल्यांनो, तुमचं इंजिन या कामात कामचुकार असतं, त्यामुळे स्पीड आधीच कमी ठेवा.

पावसाळ्यात आणखी एक. साचलेल्या पाण्यातून गेलात की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पहिला ब्रेक लागतच नाही. बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका धरून चालवा, पट्टी गरम होऊन सुकते.

घाटातून खाली आलात, वळणावर एसटी समोर आली, बोटं आवळली आणि गाडी सरळ रेषेत, गुपचूप, हवी तिथे थांबली... त्या क्षणी टाकीवरच्या क्रोमकडे तुमचं लक्षही जाणार नाही.

पेठेत जाताय?

- जुना शू, स्प्रिंग आणि केबल सोबत न्या. नुसता मोबाइलमधला फोटो पुरत नाही.
- स्प्रिंगा नेहमी जोडीने बदला. एक ढिली, एक ताठ असेल तर शू वाकडे परततात.
- जुना ड्रम फेकू नका. टर्नरने ‘आता बस’ म्हटल्याशिवाय नाही. आणि त्याने म्हटलं, तर हट्टही करू नका.
- गाडी 50 वर्षांहून जुनी असेल, तर 2021 च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. मात्र मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. निर्णय आधी घ्या.
- सुट्टे पैसे ठेवा आणि घाई घरी ठेवा.